गोठलेल्या संत्र्याचं गाणं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात एका प्लास्टिकच्या झाकणावरून वाद झाला. झाकण धुऊन बुधवारच्या कचऱ्यात द्यायचं की न धुता शुक्रवारच्या जाळायच्या कचऱ्यात, हा मुद्दा. बाबा धुण्याच्या बाजूचे होते. ते आयुष्यभर मोटार शिकवण्याच्या शाळेत मास्तर होते आणि नियम मोडणाऱ्याकडे ते एका विशिष्ट नजरेनं बघत. त्या नजरेच्या आठवणीनं आमच्या यावाताहामा गावातली अर्धी माणसं अजून पिवळा दिवा दिसला की गाडी थांबवतात. मी झाकण धुतलं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे ते आधी आंघोळीच्या टबात उतरले आणि मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी राहिले. टबातलं पाणी एकच, त्यामुळे त्यांचं झाल्याशिवाय माझा नंबर नाही, आणि त्यांचं झालं हे गाणं संपल्यावरच समजायचं. आत पंखा घरघरत असे, पाण्याचा आवाज असे, आणि बाबांचा सूर असे. ह्या तिघांतून चाल वेगळी काढणं मला कधी जमलं नाही. तोबे सेइगोचं गाणं असणार एवढं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या कुणाचं ते गातच नसत.

हा तोबे सेइगो म्हणजे स्वतःच लिहिणारा, स्वतःच चाल लावणारा आणि गिटार घेऊन स्वतःच गाणारा गृहस्थ. पंचाहत्तरी उलटली तरी दौरे चालू आहेत. प्रत्येक दौरा अखेरचा म्हणून जाहीर होतो आणि बाबा प्रत्येक वेळी हळवे होऊन तिकीट काढत. त्याच्या गाण्यांतला माणूस नेहमी कुठून तरी निघालेला असतो आणि कुठेच पोचत नाही. मी वाचनालयात काम करते, अशा माणसांच्या कादंबऱ्या रोज फळीवर लावते, त्यामुळे घरी आणखी एक नको वाटायचा.

बाबा टबात रोज जे एकच गाणं गात, त्यात दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक उंच जागा होती. तिथे आले की बाबा थांबत, डोक्यावर एक बादली पाणी ओतून घेत, आणि मग उरलेली ओळ गाठत. तोवर मूळ गाणं बरंच पुढे निघून गेलेलं असणार. त्या दिवशीही थांबले, बादली ओतली, ओळ गाठली. मग आतून रोजचा प्रश्न आला, "ऐकलंस?"

"ऐकलं. पाणी गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर रेडिओवरची कवायत चालू असताना बाबा कडेच्या बाकावर बसले. कवायत संपल्यावर सगळे उठवायला गेले, तर ते उठले नाहीत.

*

अंत्यविधीच्या सभागृहातला माणूस अतिशय अदबशीर होता. फुलं पांढरी की पिवळी, जेवणाचे डबे किती, हे विचारून झाल्यावर तो म्हणाला की शवपेटी गाडीकडे नेताना हल्ली लोक एखादं आवडतं गाणं लावतात. मला ते पटलं. एक गाणं लावायचं, एवढंच. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या संकटांची सुरुवात 'एवढंच' ह्या शब्दानं झालेली आहे.

तोबे सेइगोचं कोणतं, ते मला सांगता येईना. माझी आत्या, हिदे, मात्सुयामा शहरातून आली होती. ती म्हणाली, वाचनालयात बसून मेलेल्या लेखकांना काय आवडायचं ते सगळं सांगतेस आणि बापाचं एक गाणं माहीत नाही. सभागृहातल्या माणसानं अदबीनं छताकडे पाहिलं.

तेवढ्यात कॅफे मिझुतामाची मंडळी आली. बाबा दर गुरुवारी दुपारी तिथे कराओके गायला जात. मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं, पण मंडळींना ओळखत होते. मालकीण तोकिकोबाई, आमच्या गल्लीच्या अध्यक्ष हियामाबाई, आणि बोटीच्या तिकीट कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झालेले उरुशिबारासाहेब, जे घरच्या चपलांतसुद्धा गणवेशात असल्यासारखे चालतात. मी त्यांना गाण्याचं विचारलं. "त्यात विचारायचं काय?" हियामाबाई म्हणाल्या. "गोठलेलं संत्रं. ते सरांचंच गाणं."

इथे एक रीत सांगायला हवी. अशा ठिकाणी प्रत्येकाचं एक गाणं ठरलेलं असतं. ते त्याचंच. लेखी काही नसतं, पण दुसऱ्याचं गाणं गाणं म्हणजे दुसऱ्याच्या टूथब्रशनं दात घासणं. तोबे सेइगोचं 'गोठलेलं संत्रं' बाबांचं होतं. आगगाडीत एक माणूस बर्फासारखं गोठवलेलं संत्रं विकत घेतो आणि ते वितळायची वाट बघत बसतो, एवढंच त्या गाण्यात घडतं. शेवटी स्टेशन येतं आणि संत्रं तसंच असतं.

हे गाणं मिळवण्यात आमचा पूर्ण दिवस गेला. तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं, त्यामुळे दुकानात नाही. वाचनालयाच्या यादीत मी स्वतः शोधलं, तिथे संत्र्यांच्या लागवडीवरची पुस्तकं निघाली. हियामाबाईंच्या भाच्यानं कुठून तरी उतरवून आणलं, तर सभागृहाच्या कचेरीनं सांगितलं की नक्कल केलेलं आम्हाला वाजवता येत नाही. शेवटी तोकिकोबाईंनी कॅफेतलं कराओकेचं यंत्रच टेम्पोत घालून आणलं. ते परवान्याचं होतं, कचेरीचं समाधान झालं.

यंत्रात फक्त साथसंगत असते, गायकाचा आवाज नसतो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पेटी उचलली गेली. गिटार सुरू झाली. सुरुवातीची धून संपली आणि जिथे शब्द यायला हवेत तिथे ते आले नाहीत. मी हियामाबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या. उरुशिबारासाहेबांचे ओठ हलले आणि त्यांनी ते दाबून धरले. सगळ्यांना गाणं तोंडपाठ होतं, पण सरांचं गाणं सरांच्या समोर, तेही ते पेटीत असताना, गाणार कोण? तीन कडवी आम्ही माना खाली घालून त्या रिकाम्या वाजण्यात उभे राहिलो. मधेच एक बासरी आशेनं वर जायची आणि कुणी न आल्यानं परत फिरायची. मठातले गुरुजी माळेवर हात ठेवून थांबले होते. पेटी उचललेल्या माणसांचे हात थरथरू लागले, पण गाणं संपल्याशिवाय चालणं बरं दिसेना. बाबांना त्यांच्या आवडत्या गाण्यानं निरोप द्यायचा होता, आणि मी त्यांना लिफ्टमध्ये वाजतं तसल्या संगीतानं निरोप दिला.

एक आशा होती. आमच्यात एकोणपन्नासाव्या दिवशी पुन्हा विधी असतो. तोवर माणूस पुरता गेलेला नसतो, असं मानतात. तेव्हा तरी हे गाणं नीट व्हायला हवं, असं मी ठरवलं. आणि माझं दुर्दैव असं की तसं मी हियामाबाईंना बोलून दाखवलं.

*

आमच्या गावात संत्री कुणी विकत घेत नाही. डोंगर संत्र्यांचे, प्रत्येक घराच्या ओसरीत क्रेट, आणि शेजाऱ्याला संत्री देणं म्हणजे आपली अडचण दुसऱ्याकडे सरकवणं. पण सरांना गोठलेलं संत्रं प्रिय होतं ही बातमी पसरली आणि लोकांना त्या क्रेटांचं काहीतरी पवित्र करता येईल असं दिसलं. रोज दाराची घंटा वाजायची. "सरांसाठी, दोनच." दोन म्हणजे पिशवीभर, दगडासारखी. मी ती देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोसमोर ठेवायची. दुपारपर्यंत ती वितळून उदबत्तीच्या राखेत पाणी व्हायचं आणि बाबांच्या फोटोची चौकट खालून फुगायला लागली. मग फ्रीझरमध्ये ठेवू लागले. फ्रीझर भरल्यावर मासे बाहेर काढले. एक आठवडा मी आणि आत्या फक्त मासे खात होतो.

शिवाय परतफेडीची रीत. दुःखात कुणी काही दिलं तर त्याच्या निम्म्या मोलाचं काही परत पाठवायचं असतं. फुकटच्या संत्र्याचं निम्मं मोल किती, ह्यावर गल्लीत मतभेद झाले. समोरचे आजोबा म्हणाले अर्धं संत्रं. आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आठ दिवस दिसले नाहीत. मी चहाची छोटी पाकिटं वाटली. ती लोकांना जास्त वाटली, म्हणून संकोचून त्यांनी आणखी संत्री पाठवली.

मग हियामाबाईंच्या मनात आलं की एकोणपन्नासाव्या दिवशी संध्याकाळी पाचला, आणीबाणीच्या सूचनांसाठी बसवलेल्या गावच्या भोंग्यांवर, रोजच्या धुनेऐवजी 'गोठलेलं संत्रं' वाजावं. मला घेऊन त्या नगरपालिकेत गेल्या. खिडकीवरच्या तरुण कारकुनानं हळहळून ऐकून घेतलं आणि विचारलं, हा आणीबाणीचा प्रसंग आहे का. हियामाबाई म्हणाल्या, माणूस गेलाय. तो म्हणाला, त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं, पण एक माणूस जाणं आणीबाणीत बसत नाही, आणि पाचला वेगळं गाणं वाजलं तर लोक समुद्राचं पाणी चढलं समजून डोंगरावर पळतील. मला त्याचं म्हणणं बरोबर वाटलं. हियामाबाईंना माझा राग आला. बापाची बाजू घ्यायची सोडून ही पालिकेची घेते, असं त्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत बोलत गेल्या.

सगळ्यात कळस गुरुजींनी केला. मेल्यानंतर माणसाला मठातून नवं नाव मिळतं आणि ते लाकडी पाटीवर कोरून घरी देव्हाऱ्यात ठेवायचं असतं. गुरुजींनी मोठ्या प्रेमानं एक नाव लिहून आणलं. आमच्या लिपीत एकेका अक्षराला अर्थ असतो; त्यात थंडीचं अक्षर होतं, संत्र्याचं होतं आणि मार्गाचं होतं. मी कागद आत्याकडे दिला. आत्यानं चष्मा लावून वाचलं.

"गुरुजी, हे माणसाचं नाव आहे की शीतगृहाचं?"

गुरुजी म्हणाले, आवडीची वस्तू नावात असली की जिवाला वाट सापडते.

"पण आमच्या तोशीला कुठे थंड चालायचं?" आत्या म्हणाली. बाबांना ती तोशी म्हणायची. "लहानपणापासून त्याचे दात ठणकायचे. आइस्क्रीमची वाटी गरम पाण्यात ठेवून खायचा तो."

मी त्या दिवशी पहिल्यांदा थांबून विचार केला. बाबा हिवाळाभर रॉकेलच्या शेगडीपाशी बसलेले असत आणि संत्री सालीसकट त्या शेगडीवर ठेवून, काळी होईपर्यंत भाजून खात. घरभर तो वास असे. गोठलेलं संत्रं मी त्यांना एकदाही खाताना पाहिलं नव्हतं. गाव त्यांच्या फोटोसमोर बर्फाचा डोंगर उभा करत होतं, आणि भाजल्या संत्र्यांच्या वासात वाढलेली मी तो वितळू नये म्हणून धडपडत होते.

गुरुजींना मी पाटी कोरायची थांबवा म्हटलं आणि कॅफे मिझुतामात गेले.

*

तोकिकोबाई कप पुसत होत्या. बाबांचं खरं आवडतं गाणं हेच होतं का, असं मी विचारलं. त्या बराच वेळ तोच कप पुसत राहिल्या.

"तुझी आई गेल्यावर आले ना ते पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, "तेव्हा तोबेसाहेबांची गाणी वाटून झाली होती. चांगली सगळी. एक हे संत्रं उरलं होतं. कुणी घेत नव्हतं, कारण त्यात गाण्यासारखं काही नाही. सर म्हणाले, वा, मला हेच आवडतं."

"आणि खरं कोणतं हवं होतं?"

"ते मी सांगणं बरं नाही, सुमिए." त्यांनी कप फळीवर ठेवला आणि दुसरा घेतला. "ज्याचं आहे त्याला वाईट वाटेल."

म्हणजे ते होतं. आणि ते ह्या खोलीतल्या कुणाचं तरी होतं. माझे वडील वर्षानुवर्षं दर गुरुवारी इथे बसून ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते, टाळ्या वाजवत होते, आणि मग उठून संत्र्याचं गात होते. हे सगळं त्यांना शोभण्यासारखं होतं. समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे त्यांनी अर्ध्या गावाला शिकवलं होतं.

एकोणपन्नासाव्या दिवशी मठातला विधी सुरळीत पार पडला. गुरुजींनी नावातलं संत्रं काढून तिथे शेगडीच्या उबेचं अक्षर घातलं होतं. ते अक्षर आपल्याला आधीपासून जास्त आवडत होतं, पण हियामाबाईंना नाही कसं म्हणणार, असं त्यांनी माझ्या कानात सांगितलं. मग सगळे जेवायला कॅफे मिझुतामात आलो. बाबांचा फोटो यंत्राशेजारच्या टेबलावर ठेवला होता. फोटोसमोर बशीत तीन गोठलेली संत्री होती.

जेवण झाल्यावर हियामाबाई उभ्या राहिल्या. गुरुवारच्या बैठकीनं एकमतानं ठरवलं आहे, त्या म्हणाल्या, की सरांचं गाणं परक्याकडे जाऊ नये. ते सुमिएनं घ्यावं. त्यांनी मायक्रोफोन दोन्ही हातांनी, भेटवस्तू द्यावी तसा माझ्यासमोर धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं खालून माझ्या गुडघ्याला चिमटा घेतला, म्हणजे नाही म्हणू नकोस.

मी मायक्रोफोन घेऊन उभी राहिले. बोलायचं काय ते ठरवलं नव्हतं.

"तुम्ही सगळ्यांनी बाबांसाठी फार केलंत," मी म्हणाले. "पण बाबांना थंड चालत नसे. ते संत्री भाजून खायचे."

सगळे बशीकडे पाहू लागले. हियामाबाई खाली बसल्या. समोरचे आजोबा म्हणाले, मी तेव्हाच म्हणत होतो, आणि ते काय म्हणत होते ते कुणालाच आठवेना. मग कोपऱ्यातून कुणीतरी खोकलं. कोरडं, छोटं, कचेरीतल्या साहेबानं दारातल्या माणसाला कळावं म्हणून खोकावं तसं.

बश्या गोळा करणारा तोकिकोबाईंचा हात हवेतच राहिला.

उरुशिबारासाहेब उभे राहिले. कोटाची बटणं लावली.

"सर पहिल्या दिवशी आले," ते म्हणाले, "तेव्हा त्यांनी यंत्राला 'शेवटच्या बोटीचं तिकीट' सांगितलं होतं. ते माझं गाणं. त्यांना कसं माहीत असणार? कुणी काही बोललं नाही. मी पण नाही बोललो. मी फक्त असा खोकलो." त्यांनी पुन्हा खोकून दाखवलं, पण ह्या वेळी ते नीट जमलं नाही. "सरांनी लगेच ते बंद केलं. म्हणाले, चुकून बटण दाबलं गेलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. तरी मी दर गुरुवारी ते त्यांच्यासमोर गायलो. आणि सर काय म्हणायचे माहीत आहे? म्हणायचे, उरुशिबारासाहेब, तुमच्यासारखं कुणाला जमायचं नाही."

उरुशिबारासाहेब यंत्रापाशी गेले, स्वतःच्या गाण्याचा आकडा न बघता दाबला, माझ्या हातातला मायक्रोफोन घेतला आणि तो बाबांच्या फोटोसमोर, संत्र्यांची बशी बाजूला सारून, ठेवला. मग ते आपल्या जागी जाऊन ताठ बसले.

"आता सरांचं," ते म्हणाले.

गिटार सुरू झाली. मला ती अनोळखी वाटली. मग इतर वाद्यं आली, पडद्यावर शब्द उमटू लागले, आणि पुन्हा आम्ही सगळे त्या रिकाम्या संगीतात गप्प बसलो, सभागृहात उभे होतो तसेच. पहिल्या कडव्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की पुढची सुरावट कुठे वळणार ते मला आधीच कळतंय. पंखा नव्हता, पाणी नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. हीच चाल मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी राहून रोज ऐकली होती. इथे ते गाणं दुसऱ्याचं होतं. घरी, टबात, दार लावून, ते कुणाचंच नव्हतं, आणि तिथे ते गाता येत होतं. तिथे ऐकायला मी एकटी होते.

दुसरं कडवं आलं. त्याच्या शेवटी ती उंच जागा आली. वाद्यं न थांबता वर चढली आणि पुढे निघून गेली. मी मात्र तिथेच थांबले, बादलीसाठी.

गाणं संपलं. यंत्रात गुण देणारी एक बाई आहे, ती आनंदी आवाजात म्हणाली की आवाज थोडा कमी पडला, पुढच्या वेळी मोकळ्या मनानं गाऊ या. तोकिकोबाईंनी धावत जाऊन तिचं बटण बंद केलं.

खोलीत शांतता झाली. घरी अशा शांततेनंतर एक प्रश्न येत असे. आत्या, हियामाबाई, सगळेच माझ्याकडे बघत होते. मी फोटोपाशी गेले. मायक्रोफोन अजून चालू होता, त्यामुळे मी हळू बोलले तरी ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"ऐकलं, बाबा," मी म्हणाले. "मला आवडायचं."